आजीच्या ओव्या आणि डिस्कचे माप

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. लखनौत पावसाची झड लागली म्हणजे आमच्या जुन्या घराच्या भिंतींना ओल येते आणि आत्याच्या देखरेखीखाली कपाटे रिकामी करून पुन्हा लावण्याचा कार्यक्रम होतो. आत्या आता पंच्याऐंशीच्या घरात आहे. तिला उठबस जमत नाही. ती पलंगावर बसून हुकूम सोडते आणि मी कचेरीतून आल्यावर ते पार पाडते. अशाच एका संध्याकाळी बाबांच्या खणात जुन्या टॉवेलात गुंडाळलेली संगणकाची एक डिस्क सापडली. टॉवेलाला टाचणीने अडकवलेल्या कागदावर बाबांच्या अक्षरात लिहिले होते : 'आईच्या ओव्या. जपून.'

या तीन शब्दांमागील हकीगत थोडक्यात सांगितली पाहिजे. माझे आजोबा रेल्वेच्या नोकरीनिमित्त लखनौस आले आणि येथेच राहिले. आजी साताऱ्याकडची. तिने या शहरात चाळीस वर्षे काढली. पण पहाटे दळायला बसली म्हणजे तोंडात ओव्या असत त्या कृष्णाकाठच्या. १९७८ साली बाबांनी कॅसेटवर ध्वनिमुद्रण करण्याचे यंत्र आणले आणि आजीला न सांगता जात्याजवळ ठेवून दिले. तिच्या आवाजाचे तेवढेच ध्वनिमुद्रण झाले. पुढे २००७ साली, कॅसेटींना बुरशी धरू लागली तेव्हा, बाबांनी कित्येक रात्री जागून त्या संगणकावर उतरवून घेतल्या. आत्याचे गाणे, सणावारी जमलेल्या मंडळींच्या गप्पा, सारे त्या डिस्कवर गेले. काम झाल्यावर बुरसटलेल्या कॅसेटी टाकून देण्यात आल्या. २०१२ साली बाबा गेले. त्यांचा संगणकही लवकरच बंद पडला, आणि डिस्क कोठे ठेवली हे कोणासच ठाऊक नव्हते.

आत्याने कागद हातात घेतला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला आणि म्हणाली, "अगं, मला एकदा आईचा आवाज ऐकव. कान अजून आहेत तोवर."

मी मराठी अनुवादाचे आणि संपादनाचे काम करते. कला शाखेची पदवीधर. यंत्रांशी माझा संबंध टंकलेखनापुरता. परंतु त्याच खणात डिस्क बसवून संगणकाला जोडण्याची एक जुनी पेटीही होती. बाबांनी ती फार पूर्वी, कमी क्षमतेच्या एका डिस्कसाठी घेतली असावी. तिच्यात डिस्क बसवून तार माझ्या संगणकाला जोडली. डिस्क घुरघुरली, दिवा लागला आणि मला हायसे वाटले. पण हा आनंद क्षणभरच टिकला. डिस्कचे बाबांनी दोन विभाग केले होते. पहिला उघडला, त्यात कार्यालयीन कागदपत्रांखेरीज काही नव्हते. दुसऱ्या विभागावर बोट ठेवताच सूचना आली : ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल, करू काय? शिवाय डिस्कवर छापले होते १६० गिगाबाइट, आणि संगणक एकूण जागा दाखवीत होता १२८. बत्तीस गिगाबाइट गेले कोठे?

दुसऱ्या दिवशी घराजवळच्या एका दुकानात चौकशी केली. दुकानदार तरुण व तत्पर होता. डिस्ककडे एकवार पाहून म्हणाला, "पुरानी है, घिस गई है, इसलिए जगह घट गई. फॉरमॅट कर देते हैं, ठीक हो जाएगी." मी विचारले, "आणि आतले गाणे?" त्यावर त्याने खांदे उडवले. मी डिस्क उचलली आणि परत आले. हे शहाणपण म्हणून केले नाही, भीतीपोटी केले. आज वाटते की ती भीती फार मोलाची होती.

रविवारी मी नाझा मार्केटमध्ये गेले. हजरतगंजजवळच्या या बाजारात संगणकाच्या सुट्या भागांची दुकाने दाटीवाटीने आहेत. विचारीत विचारीत एका जिन्याखालच्या खोलीत पोहोचले. तेथे एक वृद्ध कारागीर जुन्या यंत्रांची दुरुस्ती करीत बसले होते. मी सारी हकीगत सांगितली. त्यांनी डिस्कला हात लावण्याआधी मला स्टूल दिले, पाणी मागवले आणि मग विचारले, "बिटिया, इस पर कुछ लिखा तो नहीं?" मी नाही म्हणताच ते म्हणाले, "तब खैर है. पहले देखेंगे, फिर छुएँगे."

त्यांचा पहिला प्रश्न मला विलक्षण वाटला. कमी किती झाली, यापेक्षा नेमका आकडा कोणता दिसतो, हे त्यांना हवे होते. मी १२८ सांगताच ते हसले. "घिसने वाली चीज़ गिनकर नहीं घिसती," ते म्हणाले. झिजून जागा गेली असती, तर १२३ किंवा १४१ असा कोणताही वेडावाकडा आकडा दिसला असता. बरोबर १२८ दिसतात, त्या अर्थी हे मोजणाऱ्याचे काम आहे. खरे तर डिस्क झिजली तरी तिचा आकडा सहसा घटतच नाही, हेही त्यांनी सांगितले. डिस्कवर काही जागा कारखान्यातच राखीव ठेवलेली असते. एखादा कप्पा खराब झाला की डिस्क आपणहून त्याचे काम राखीव कप्प्याकडे सोपवते आणि बाहेरील जगाला पूर्वीचीच संख्या सांगते. म्हणून खराब डिस्क वाचताना अडखळेल, आवाज करील, मंद होईल. पण आखडणार नाही.

मग त्यांनी कागद ओढला आणि बत्तीस गिगाबाइटांचा हिशेब दोन भागांत मांडला. तो घरोघरी उपयोगी पडेल असा आहे.

पहिला भाग आहे १६० पासून १४९ पर्यंतचा. ही तूट प्रत्येक डिस्कमध्ये दिसते आणि ती तूट नव्हेच. डिस्क बनविणारे गिगाबाइट मोजतात ते दशमान पद्धतीने; एक गिगाबाइट म्हणजे शंभर कोटी बाइट. संगणकाची स्मृती मात्र दोनाच्या पटीत वाढते. दोन, चार, आठ असे दहा वेळा दुप्पट केले की १,०२४ येतात. हजाराच्या इतक्या जवळची ही संख्या म्हणून जुन्या मंडळींनी तिलाच 'किलो' म्हटले. किलोच्या पायरीवर हा फरक अवघा २.४ टक्के असतो. पण पुढच्या प्रत्येक पायरीवर तो वाढत जातो. गिगाच्या पायरीवर तो सात टक्क्यांच्या वर जातो आणि टेराच्या पायरीवर जवळजवळ दहा टक्के होतो. घरोघरी वापरली जाणारी विंडोज ही प्रणाली हे दुसरे, मोठे माप वापरते, पण नाव पहिल्याचेच लिहिते. म्हणून ५०० ची डिस्क ४६५ दाखविते, १,००० ची ९३१ आणि १६० ची १४९. हा घोळ मिटावा म्हणून १९९८ साली आंतरराष्ट्रीय विद्युत-तंत्र आयोगाने दुसऱ्या मापाला किबी, मेबी, गिबी अशी निराळी नावे दिली; परंतु ती अद्याप सर्वत्र रुळलेली नाहीत.

घरी येऊन हे आत्याला सांगितले, तेव्हा ती तत्काळ म्हणाली, "म्हणजे शेर आणि किलो!" मी कागदावर हिशेब केला आणि थक्क झाले. ऐंशी तोळ्यांचा जुना शेर म्हणजे ९३३ ग्रॅम. कोणी १६० शेर गहू विकले आणि आपण ते घरी किलोच्या काट्यावर घातले, तर काटा १४९ किलो दाखवील. दाणा एकही सांडला नाही. फक्त काटा बदलला. १ ऑक्टोबर १९५८ पासून आपल्या देशात मेट्रिक वजने टप्प्याटप्प्याने लागू झाली, तेव्हा आत्या शिकत होती. अमीनाबादेत शेराचे भाव सांगून किलोने माल देणारे आणि किलोचे भाव सांगून शेराने देणारे असे दोन्ही प्रकार तिने पाहिले आहेत. त्याच्या आदल्याच वर्षी, १ एप्रिल १९५७ रोजी, चौसष्ट पैशांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला होता. चौसष्ट ही दुपटीने वाढणारी संख्या, शंभर ही दशमान संख्या. संगणकाच्या दुनियेत आजही हे दोन रुपये एकाच नावाने चालत आहेत, इतकेच.

माझ्या व्यवसायातही असा अनुभव नित्याचा आहे. हिंदीत 'शिक्षा' म्हणजे विद्यादान. मराठीत शिक्षा म्हणजे दंड. हिंदीत 'चेष्टा' म्हणजे प्रयत्न, मराठीत थट्टा. नवशिका अनुवादक असा शब्द तोच समजून तसाच उचलतो आणि वाक्याचा अनर्थ होतो. 'गिगाबाइट' हा त्याच जातीचा शब्द आहे.

परंतु १४९ पासून १२८ पर्यंतच्या एकवीस गिगाबाइटांचा खुलासा शेर-किलोने होत नाही. येथे खरेच काहीतरी दृष्टीआड झाले होते.

डिस्कवरील जागा छोट्या कप्प्यांत विभागलेली असते. त्या काळच्या डिस्कमध्ये एका कप्प्यात ५१२ बाइट मावत, आणि प्रत्येक कप्प्याला अनुक्रमांक असे. आमच्या डिस्कच्या पाठीवर कप्प्यांची संख्या छापलेली होती : ३१,२५,८१,८०८. कारागिरांनी माझी पेटी आपल्या लिनक्सवर चालणाऱ्या संगणकाला जोडून डिस्कची केवळ विचारपूस केली, तेव्हा पेटीने उत्तर दिले : २६,८४,३५,४५५. हा आकडाच गुन्हेगाराचे नाव सांगत होता. जुन्या पद्धतीत कप्प्याचा क्रमांक लिहिण्यास अठ्ठावीस द्विमान स्थाने, म्हणजे केवळ शून्य किंवा एक लिहिता येईल अशी अठ्ठावीस घरे, नेमून दिलेली होती. अठ्ठावीस घरांत सुमारे २६ कोटी ८४ लाखांपर्यंतच क्रमांक लिहिता येतात. तेवढे कप्पे म्हणजे दशमानाने १३७ गिगाबाइट आणि दुसऱ्या मापाने बरोबर १२८. ज्या यंत्राला अठ्ठावीसच घरे ठाऊक, त्याच्या दृष्टीने त्यापुढील कप्पे अस्तित्वातच नसतात. पत्त्यातील घरक्रमांकासाठी दोनच चौकोन छापलेले असले, तर शंभराव्या घरी पत्र कसे जाणार? घर जागेवर असते, माणसेही असतात. पत्ता तेवढा लिहिता येत नाही.

या शतकाच्या आरंभी पत्त्याची घरे अठ्ठेचाळीस करण्यात आली आणि ही अडचण संपली. बाबांच्या २००७ मधील संगणकाला ती नवी रीत ठाऊक होती, म्हणून त्यावर सारी डिस्क दिसे. त्यांची पेटी मात्र त्याआधीची होती. दुसऱ्या विभागाचे शेवटचे टोक तिच्या सीमेपलीकडे पडत होते. सुरुवात सापडते पण शेवट सापडत नाही, असे पाहून संगणकाने तो विभागच अमान्य केला आणि फॉरमॅटची सूचना पुढे केली.

अशा भिंती डिस्कच्या इतिहासात अनेकदा उभ्या राहिल्या आहेत. १९५६ साली आयबीएम कंपनीने पहिली डिस्क बाजारात आणली. तिच्यात पन्नास मोठ्या तबकड्या होत्या आणि त्या साऱ्यांत मिळून पन्नास लाख अक्षरे मावत. पुढे क्षमता वाढत गेली आणि प्रत्येक पिढीला 'इतके पुरे' असे वाटले. ५२८ मेगाबाइट, ८.४ गिगाबाइट, ३२ गिगाबाइट, १३७ गिगाबाइट, २.२ टेराबाइट, प्रत्येक आकड्यापाशी कोणती ना कोणती जुनी यंत्रे अडून बसली. काही डिस्कच्या मागील पिनांवर एक चिमुकली टोपी बसवून त्यांना मुद्दाम ३२ गिगाबाइटांच्या म्हणवून घेण्याची सोयही होती, जेणेकरून जुना संगणक बिचकू नये. कारागिरांनी ती टोपी तपासली. ती योग्य जागी होती. काही संगणक डिस्कच्या शेवटी थोडी जागा स्वतःच्या कामासाठी झाकून ठेवतात. तेही त्यांनी पाहिले. तसे काही नव्हते. दोष पेटीचा, हे नक्की झाले.

मग त्यांनी जी गोष्ट सांगितली ती ऐकून माझ्या अंगावर काटा आला. सीमेपलीकडचा क्रमांक अठ्ठावीस घरांत कोंबण्याचा प्रयत्न झाला, तर वरचा अंक गळून पडतो आणि उरलेला क्रमांक डिस्कच्या आरंभीच्या एखाद्या कप्प्याचा ठरतो. वाचताना चुकीचे वाचले जाते, हे एक वेळ परवडले. पण लिहिताना नवा मजकूर थेट आरंभीच्या मजकुरावर जाऊन बसतो. मी फॉरमॅटला होकार दिला असता, किंवा दुरुस्तीचा एखादा कार्यक्रम हौसेने चालवला असता, तर आजीच्या ओव्या कोणत्या कप्प्यात होत्या हे शोधण्याचे कारणच उरले नसते.

त्यांनी डिस्क पेटीतून काढली. खोलीतील एका जुन्या पण अठ्ठेचाळीस घरांची रीत जाणणाऱ्या संगणकाला ती रुंद पट्टीच्या तारेने जोडली. पडद्यावर १४९ चा आकडा आला. तरीही त्यांनी विभाग उघडला नाही. आधी कप्प्यामागून कप्पा वाचून साऱ्या डिस्कची हुबेहूब प्रत त्यांनी एका नव्या डिस्कवर घेतली. न वाचता येणाऱ्या जागेपाशी हट्ट न धरता तिची नोंद करून पुढे जायचे आणि शेवटी पुन्हा त्या जागांकडे वळायचे, अशी त्या कार्यक्रमाची रीत होती. सारी दुपार गेली. अखेरीस मोजके कप्पे तेवढे वाचता आले नाहीत. मग जुनी डिस्क बाजूला ठेवून त्यांनी प्रतीवरचा दुसरा विभाग उघडला. 'आई १९७८' हे बाबांनी दिलेले नाव दिसले आणि माझ्या डोळ्यांपुढील अक्षरे पुसट झाली.

मी मोबदला विचारला, तेव्हा त्यांनी माफक रक्कम सांगितली आणि अट घातली की आधी एक तुकडा ऐकवायचा. जात्याची घरघर आणि त्यावर आजीचा आवाज त्या जिन्याखालच्या खोलीत उमटला. त्यांना मराठीचा शब्द कळत नव्हता. थोड्या वेळाने ते म्हणाले, "हमारी नानी भी चक्की पर गाती थीं." मग पुष्कळ वेळ कोणी बोलले नाही.

घरी पोहोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. आत्या वाटच पाहात होती. मी आवाज मोठा करून तिच्या उशाशी ठेवला. तिने डोळे मिटले. तिसऱ्या ओवीपासून तिचे ओठ हलू लागले. एके ठिकाणी आजी ओवी थांबवून कोणाला तरी रागावली आहे. "दूध उतू जाईल, बघ गं," असे म्हणाली आहे. आत्या डोळे न उघडताच म्हणाली, "मलाच म्हणत्येय." तिच्या स्वतःच्या गाण्याचे एक ध्वनिमुद्रण मात्र मध्येच तुटले होते, न वाचलेले कप्पे नेमके त्यातले निघाले. मला वाईट वाटले. ती म्हणाली, "माझं राहू दे. मी अजून आहे, पुन्हा म्हणेन. आई पुन्हा म्हणणार नव्हती."

आत्या कैसरबागेतील भातखंडे संगीत महाविद्यालयात शिकली. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने १९२६ साली मॅरिस कॉलेज या नावाने सुरू झालेली ही संस्था आज विद्यापीठ आहे. मुंबईच्या या मराठी गृहस्थाने गावोगाव हिंडून उस्तादांच्या कंठातील चिजा ऐकल्या, स्वरलिपीत उतरविल्या आणि क्रमिक पुस्तकमालिकेच्या सहा भागांत छापून काढल्या. आत्या म्हणते, की त्यांचे मोठेपण तिला त्या रात्री नव्याने कळले. जे एकाच ठिकाणी असते, ते नसल्यासारखेच असते. मग ते ठिकाण कंठ असो, कॅसेट असो की डिस्क असो.

बाबांचे चुकले असे मी म्हणणार नाही. त्यांनी जे केले ते त्यांच्या परीने पूर्ण होते; दुसरी प्रत करावयाची तेवढी राहिली. पण पुष्कळ घरांत अशीच एखादी डिस्क कापडात गुंडाळून पडलेली असेल, म्हणून अनुभवाचे चार शब्द लिहिते. तिच्यावर छापलेल्या आकड्यापेक्षा संगणक सुमारे सात टक्के कमी दाखवीत असेल, तर काळजीचे कारण नाही. तो शेर-किलोचा फरक आहे. त्याहून कमी दाखवीत असेल, तर तिच्यावर काहीही लिहू नये, फॉरमॅटला होकार देऊ नये, दुरुस्तीचा कार्यक्रम चालवू नये. नेमका आकडा टिपून घ्यावा. १२८ किंवा ३२ असा ओळखीचा आकडा असल्यास जोडणारी पेटी, तार आणि मागील टोपी यांच्यावर आधी संशय घ्यावा. दुसऱ्या, अलीकडच्या साधनाने जोडून पाहावे. सर्व दिसू लागले, तरी प्रथम प्रत घ्यावी आणि मग पुढचे पाहावे. डिस्क टकटक आवाज करीत असेल, तर मात्र लागलीच वीज बंद करून जाणत्या माणसाकडे न्यावी.

आता आमच्याकडे ओव्यांच्या तीन प्रती आहेत. एक आमच्या घरी, एक पुण्याला चुलतभावाकडे आणि एक बाबांच्या जुन्या डिस्कवर, त्याच टॉवेलात. नव्या डिस्कवर मी चिठ्ठी लावली आहे. तीत आतील ध्वनिमुद्रणांची यादी आणि प्रत केल्याची तारीख आहे. खाली लिहिले आहे : 'छापील क्षमता १,००० गिगाबाइट. संगणकावर ९३१ दिसतील. घाबरू नये.'

आणि रविवारी सकाळी आत्या मला आजीच्या ओव्या शिकवते. माझा आवाज बरा नाही. ती म्हणते, चालेल. चौथी प्रत आहे.